जुना कोट का चालत नाही? अमेरिकेतल्या गरजू मुलांच्या हिवाळी कोटांबद्दल, सोप्या भाषेत

सप्टेंबर संपत आला की अमेरिकेतल्या शाळांमधून पालकांना एक चिठ्ठी येऊ लागते : कोट ड्राइव्ह सुरू आहे, नवा कोट द्या किंवा पैसे द्या. ग्रंथालयात, चर्चच्या दारात, अग्निशमन केंद्रात मोठमोठी खोकी मांडलेली दिसतात. नुकत्याच तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांना, आणि फोनवर हे ऐकणाऱ्या इकडच्या आजी-आजोबांना, दोन प्रश्न हमखास पडतात. एवढ्या श्रीमंत देशात मुलांना कोट वाटावे लागतात? आणि वाटायचेच, तर घरोघरी कपाटात पडून असलेले जुने कोट का देत नाहीत?

कोट ड्राइव्ह म्हणजे एखाद्या संस्थेनं, शाळेनं किंवा मंडळानं ठरावीक काळात कोट किंवा त्यासाठी पैसे गोळा करून ते गरजूंपर्यंत पोचवण्याची मोहीम. पुढे आपण तिला नुसती मोहीमच म्हणू. वरच्या दोन प्रश्नांपैकी पहिल्याचं उत्तर अमेरिकेच्या सरकारी योजनांमध्ये आहे. दुसऱ्याचं उत्तर मला जास्त मोलाचं वाटतं, कारण कोट नवा असण्याचा हट्ट आपल्याला वरवर चैन वाटतो आणि खोलात गेल्यावर तो अगदी व्यवहारी निघतो.

थंडी किती, आणि मुलांनाच जास्त का?

निफाडचा पारा ५ अंशांखाली गेला की आपल्याकडे ठळक बातमी होते आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिस शहरात जानेवारीच्या भर दुपारीही सरासरी तापमान शून्याखाली असतं. त्यात भर वाऱ्याची. आपल्या अंगाभोवती शरीराच्याच उष्णतेनं तापलेल्या हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो थर सारखा उडवून लावतो, म्हणून पारा दाखवतो त्यापेक्षा थंडी अंगाला जास्त लागते. या लागणाऱ्या थंडीला तिकडे विंड चिल म्हणतात. तिथल्या हवामान खात्याच्या तक्त्याप्रमाणे तापमान उणे १८ अंश सेल्सियस असेल आणि वारा ताशी २४ किलोमीटरनं वाहत असेल, तर लागणारी थंडी उणे २८ अंशांइतकी होते. अशा हवेत उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते.

लहान मुलांचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर गार पडतं. वजनाच्या मानानं त्यांच्या कातडीचं क्षेत्रफळ जास्त असतं, त्यामुळे उष्णता भराभर बाहेर जाते. मोठ्या माणसाला जेवढे कपडे लागतात त्याहून एक थर जास्त लहान मुलाच्या अंगावर असावा, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते.

आता हे शाळेच्या दिवसात बसवून पाहा. शाळेजवळ राहणारी मुलं चालत जातात, लांबची बसच्या थांब्यावर उभी राहतात. जानेवारीत उत्तरेकडच्या राज्यांत सकाळी सातला अजून अंधार असतो. मधल्या सुट्टीत, थंडी अगदीच टोकाची नसेल तर, मुलांना मैदानात सोडायची तिथे पद्धत आहे. ज्याच्याकडे कोट नाही ते मूल आत बसतं, किंवा बाहेर भिंतीला टेकून हात बगलेत घालून उभं राहतं. फारच थंडी पडली तर आई त्याला घरीच ठेवते. असे दिवस साठत गेले की शाळा बुडते. म्हणून शाळेतल्या परिचारिका आणि समुपदेशक या मोहिमांमध्ये इतक्या मनापासून उतरलेले दिसतात.

श्रीमंत देशात ही वेळ का येते?

अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या हिशोबानं २०२३ मध्ये तिथल्या १५.३ टक्के मुलांची घरं अधिकृत दारिद्र्यरेषेखाली होती. म्हणजे साधारण दर सात मुलांमागे एक. योजनांसाठी जी रेषा वापरतात ती २०२४ साली चार माणसांच्या कुटुंबासाठी वर्षाला ३१,२०० डॉलर होती. रुपयांत हा आकडा डोळे दिपवतो, पण तिथलं घरभाडं, गाडी, वीज आणि घर तापवण्याचा खर्च त्याच डॉलरांत होतो.

गरिबांसाठी तिथे योजना नाहीत असंही नाही. अन्नासाठी सरकार दर महिन्याला कार्डावर पैसे भरतं, पण त्या कार्डावर फक्त खाण्याच्या वस्तू घेता येतात. आजारपणासाठी मेडिकेड आहे. घर तापवण्याच्या बिलासाठी मदत मिळते. शाळेत मोफत किंवा सवलतीचं जेवण मिळतं. यातली प्रत्येक योजना एकेका ठरलेल्या खर्चासाठी आहे, आणि कपड्यांच्या वाट्याला यातलं जवळजवळ काहीच येत नाही. मॅसॅच्युसेट्स, वेस्ट व्हर्जिनिया यांसारखी काही राज्यं मुलांच्या कपड्यांसाठी वर्षातून एकदा भत्ता देतात. सगळीकडे तसं नाही.

कोटाची किंमत तरी किती? साध्या दुकानात मुलाचा बऱ्यापैकी कोट ५० डॉलरच्या आसपास पडतो. केंद्र सरकारनं ठरवलेलं किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवरच थांबलेलं आहे. बऱ्याच राज्यांनी आपापलं वेतन वाढवलं, पण सगळ्यांनी नाही. त्या दरानं एका कोटासाठी सात तासांची मजुरी जाते. घरात तीन मुलं असली तर तीन कोट, वर बर्फातले बूट आणि हातमोजे. आणि हा सगळा खर्च येतो नेमका तेव्हा, जेव्हा घर तापवण्याचं बिल वाढायला लागलेलं असतं. मग आई-बाप काय करतात? भाडं भरतात, बिल भरतात आणि मुलाला दोन स्वेटरांवर वर्ष काढायला लावतात.

दोन स्वेटर का पुरत नाहीत?

कोट स्वतः ऊब तयार करत नाही. ऊब शरीराची असते, कोट ती धरून ठेवतो. गोधडीचं तेच आहे : जुन्या साड्यांचे पाच-सहा थर टाके घालून एकत्र केले की थरांमध्ये हवा अडकते, आणि ती अडकलेली हवाच आपल्याला ऊब देते. हिवाळी कोटातही कृत्रिम धाग्यांचं फुगीर भरण असतं, हवा अडकवून ठेवण्यासाठी. स्वेटरही हवा अडकवतो, पण त्याची वीण मोकळी असते आणि वारा तिच्यातून आरपार जातो. शिवाय तो बर्फात भिजला की जड होऊन गारच पडतो. कोटाच्या बाहेरचं दाट, पाणी न शोषणारं कापड वारा आणि ओल अडवतं, आतलं भरण हवा धरतं. ही दोन्ही कामं एकत्र झाली तरच मूल अर्धा तास थांब्यावर उभं राहू शकतं.

यातूनच जुन्या कोटांची पहिली अडचण कळते. वर्षानुवर्षं धुऊन धुऊन आतलं भरण चेपतं, त्याचे गोळे होतात, आणि मध्ये मध्ये नुसतं कापड उरतं. वरून बघताना कोट ठीकच दिसतो.

मग जुना कोट का नको?

जुने कोट घेणाऱ्या चांगल्या मोहिमा तिथे आहेत, हे आधी सांगायला हवं. न्यूयॉर्क केअर्स ही संस्था १९८८ पासून शहरात कोट गोळा करते. सॅन फ्रान्सिस्कोत १९९२ साली सुरू झालेली वन वॉर्म कोटही धडक्या स्थितीतले वापरलेले कोट स्वीकारते. मोठ्या माणसांसाठी ही पद्धत उत्तम चालते. मोठ्या माणसाचं माप वर्षानुवर्षं तेच राहतं, दहा वर्षांपूर्वीचा कोट आजही कुणाच्या तरी अंगाला येतो, आणि कित्येक कोट फारसे न वापरताच कपाटात लटकलेले असतात.

मुलांचं तसं नसतं. मूल कोट घालून घसरगुंडीवर घसरतं, बर्फात लोळतं, बाहीनं नाक पुसतं. तो कोट थोरल्याकडून धाकट्याकडे जातो, मग मामेभावाकडे. दानाच्या खोक्यात पडेपर्यंत त्याची चेन निघालेली असते किंवा अस्तर फाटलेलं असतं. चेन न लागणारा कोट वाऱ्यात उघडाच राहतो, म्हणजे त्याचा जवळजवळ काही उपयोग नाही. असे कोट निवडायचे, धुवायचे, दुरुस्त करायचे, मापाप्रमाणे लावायचे. हे सगळं स्वयंसेवकांच्या तासांवर चालतं. आणि एवढं करूनही तिसरीतल्या वीस मुलांसाठी त्यांच्याच मापाचे वीस कोट त्या ढिगात सापडतील याची खात्री नसते.

एक कारण असंही आहे, जे मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि ज्याची चर्चा सर्वात कमी होते. पूर्वीच्या मुलांच्या कोटांना टोपीत किंवा कमरेशी आवळायची नाडी असायची. ती नाडी घसरगुंडीच्या फटीत किंवा शाळेच्या बसच्या दारात अडकून मुलांचे जीव गेले. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगानं १९९६ मध्ये या नाड्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या, १९९७ मध्ये उद्योगानं त्यावर मानक स्वीकारलं, आणि २०११ मध्ये नियमानं लहान मुलांच्या कोटांच्या मानेशी आणि टोपीत अशी नाडी असणं ही वस्तूतली गंभीर त्रुटी ठरवली. कमरेच्या नाडीवरही बंधनं आली. आज दुकानातून घेतलेल्या नव्या कोटात ती नाडी नसते. कपाटातून निघालेल्या वीस वर्षांपूर्वीच्या कोटात असू शकते, आणि कोट गोळा करणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असेलच असं नाही.

शेवटचं कारण मुलाच्या मनाचं. शाळेत मूल कोणाच्या अंगावर काय आहे हे बरोबर ओळखतं. वर्गातल्याच एखाद्या मुलाचा उतरलेला कोट आपल्या अंगावर असेल आणि तो मुलगा मोठ्यानं तसं म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी तो कोट दप्तरातच राहतो. जो कोट घातलाच जात नाही त्यानं थंडी कशी अडणार? म्हणून नव्या कोटाच्या मोहिमा मुलाला रंग निवडू देतात. ऑपरेशन वॉर्म या संस्थेच्या कोटांच्या आत मुलानं स्वतःचं नाव लिहायला जागा असते. 'खास तुझ्यासाठी बनवलेला' अशा अर्थाचा मजकूर तिथे छापलेला असतो. आपल्याकडेही दिवाळीचा कपडा नवाच हवा, आणि त्या दिवशी ताईचा जुना फ्रॉक अंगावर चढवताना लहान मुलीचं तोंड कसं होतं, हे बहुतेक घरांना माहीत आहे.

हे काम करतं कोण?

ऑपरेशन वॉर्मची सुरुवात १९९८ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यात झाली. बसच्या थांब्यावर काही मुलं कोटाविना उभी आहेत हे डिक सॅनफर्ड या गृहस्थांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी दुकानातून ५८ कोट विकत घेऊन दिले. आज ही संस्था आपले कोट स्वतःच बनवून घेते आणि देशभरातल्या रोटरी क्लबांसारख्या स्थानिक गटांमार्फत वाटते. अग्निशामक दलाच्या जवानांची संघटना त्यांच्याबरोबर काम करते. गावातले जवान पैसे उभे करतात आणि मुलांना कोट घालून बघायला मदत करतात.

नाइट्स ऑफ कोलंबस ही दुसरी मोठी संस्था, कॅथलिक पुरुषांची. १८८२ मध्ये कनेटिकटमधल्या न्यू हेवन शहरात फादर मायकल मॅकगिव्हनी यांनी ती स्थापन केली, मुख्यतः कमावता माणूस गेल्यावर उघड्यावर पडणाऱ्या स्थलांतरित कामगारांच्या कुटुंबांसाठी. मुलांचे कोट हा तिचा या शतकातला उपक्रम. गावोगावच्या शाखा बारा-बारा नव्या कोटांची खोकी मागवतात. एका खोक्यात वेगवेगळी मापं असतात आणि मुलगे-मुलींची खोकी वेगळी असतात.

खोक्याची ही पद्धत छोट्या गटाला परवडते. दहा-बारा जणांच्या मंडळानं एक खोकं घेतलं तरी बारा मुलांची सोय होते, आणि एकगठ्ठा खरेदीमुळे एका कोटाचा भाव दुकानातल्यापेक्षा बराच कमी पडतो.

कोणत्या मुलाला द्यायचा हे कसं ठरतं?

गरजू मुलांची यादी शाळेकडे मागावी, असं आपल्याला वाटेल. तसं करता येत नाही. विद्यार्थ्यांची माहिती गुप्त ठेवण्याचा १९७४ चा केंद्रीय कायदा तिथे आहे. पालकांच्या संमतीशिवाय शाळा मुलाच्या नोंदी बाहेर देऊ शकत नाही. म्हणून काम उलट्या बाजूनं चालतं. संस्था शाळेला विचारते, कोणत्या मापाचे किती कोट हवेत. शाळेतली परिचारिका, समुपदेशक किंवा वर्गशिक्षिका मुलांना ओळखत असतात. बेघर कुटुंबांतल्या मुलांसाठी तर १९८७ च्या कायद्यामुळे प्रत्येक शाळा-जिल्ह्यात, म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या विभागात, एक संपर्क अधिकारी नेमलेला असतो. ही माणसं आकडे देतात, नावं देत नाहीत.

वाटपाच्या दोन रीती दिसतात. एक जाहीर कार्यक्रमाची : सभागृहात टेबलं मांडायची, येईल त्याला कोट. ती झटपट होते, पण लाजणारे आई-बाप तिथे फिरकत नाहीत. दुसरी गपचूप. शाळेतल्या एका खोलीत कोट टांगून ठेवलेले असतात, समुपदेशक मुलाला तिथे घेऊन जाते, मूल घालून बघतं, आवडेल तो घेतं आणि घालूनच बाहेर पडतं. मला दुसरी रीत निःसंशय चांगली वाटते. कार्यक्रमाचे फोटो देणगीदारांना हवे असतात हे समजतं, पण त्या फोटोत मुलाचा चेहरा कशाला?

पैसेच का देत नाहीत?

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. आई-बापांना आपल्या मुलाला काय हवं ते इतरांपेक्षा चांगलं कळतं. हातात पैसे दिले तर ते कोट घेतील, आणि कोट आधीच असेल तर बूट घेतील. अमेरिकेनं २०२१ मध्ये हे करून पाहिलं. मुलांसाठीची करसवलत वाढवून सहा वर्षांखालच्या मुलामागे वर्षाला ३,६०० आणि मोठ्या मुलामागे ३,००० डॉलरपर्यंत केली. त्यातली अर्धी रक्कम जुलै ते डिसेंबर दर महिन्याला थेट खात्यात जमा झाली. सरकारी मदत धरून जे बालदारिद्र्य मोजतात ते त्या वर्षी ५.२ टक्क्यांवर उतरलं. कुटुंबांनी तो पैसा अन्न, कपडे, भाडं आणि शाळेच्या खर्चाला लावल्याचं जनगणना खात्याच्या पाहण्यांत दिसलं. नंतर ती वाढीव सवलत बंद झाली आणि २०२२ मध्ये तोच दर १२.४ टक्के झाला.

आपल्या देशातही हा प्रश्न वेगळ्या रूपात आलेला आहे. उत्तर प्रदेशात सरकारी शाळांत स्वेटर वाटायचे ठरले आणि जानेवारी २०१८ उजाडला तरी बऱ्याच शाळांत ते पोचले नव्हते. २०२१ पासून त्या सरकारनं गणवेश, स्वेटर, बूट आणि दप्तर यांसाठीचे पैसे पालकांच्या खात्यात भरायला सुरुवात केली. ही रक्कम आधी १,१०० रुपये होती, नंतर १,२०० झाली.

म्हणजे सरकारसाठी पैसे देणं हाच चांगला मार्ग, असं माझं मत आहे. गावातल्या रोटरी क्लबचं तसं नाही. त्यांच्याकडे कुटुंबांची नावं नसतात, ती मिळवणं योग्यही नव्हे, आणि हजार-दोन हजार डॉलर शंभर घरांत वाटले तर कुणाच्याच हाती कोटापुरते येत नाहीत. तेच पैसे एकगठ्ठा खरेदीत घातले तर मुलं मोजून कोट मिळतात. म्हणून छोट्या गटानं कोट देणं शहाणपणाचं आहे, आणि त्याच गटातल्या माणसांनी करसवलतीच्या बाजूनं मत देणंही तितकंच शहाणपणाचं आहे. एकामुळे दुसऱ्याची गरज संपत नाही.

दर वर्षी तेच तेच का?

मुलं वाढतात म्हणून. पाच वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर उंच होतं. वाढत्या अंगाचा म्हणून मोठ्या मापाचा कोट घेतला तरी तो दोन हिवाळे जेमतेम पुरतो. लोकांना फुकटची सवय लागते हा आरोप इथे लागू पडत नाही, सवय लावून कुणाची उंची वाढत नाही. शिवाय यंदाच्या यादीतली मुलं गेल्या वर्षीचीच असतात असंही नाही. नोकरी जाणं, आजारपण, घटस्फोट, नुकतंच झालेलं स्थलांतर, यांमुळे एखादं घर एका हिवाळ्यापुरतं अडचणीत येतं आणि पुढच्या वर्षी सावरतं.

तिकडच्या मराठी मंडळांना यात काय करता येईल?

कोट सप्टेंबर-ऑक्टोबरात हातात हवे असतील तर ते उन्हाळ्यातच मागवावे लागतात. कारखाने आणि जहाजं थंडीची वाट बघत नाहीत. डिसेंबरात पहिला बर्फ पडल्यावर लोकांना आठवण होते आणि देणग्या येतात, तोपर्यंत हवी ती मापं संपलेली असतात. वस्तूच द्यायची असेल तर मोठ्या मुलांची मापं आधी बघावीत, दहा ते सोळा वर्षांची. बाळांचे इवलेसे कोट सगळ्यांनाच उचलावेसे वाटतात, आणि तेरा वर्षांच्या उंच मुलाच्या अंगाला येईल असं काही खोक्यात उरत नाही. घरातला जुना कोट द्यायचा असेल तर आधी चेन लावून बघावी, खिसे तपासावेत, टोपीत नाडी असेल तर ती ओढून काढून टाकावी, आणि जुने कोट घेणाऱ्या मोहिमेलाच तो द्यावा.

बऱ्याच मंडळांत अशी वर्गणी दिवाळीच्या कार्यक्रमात गोळा होते. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते, तोवर त्या वर्षीचं वाटप सुरू झालेलं असतं. गणेशोत्सव बहुतेक वर्षी ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात असतो, आणि त्याची तयारी जुलैतच सुरू होते. गणपतीच्या वर्गणीच्या पावतीवर कोटांसाठी एक ओळ जुलैत घातली तर गावातली संस्था खोकी वेळेवर मागवू शकेल. मात्र त्याआधी जवळच्या शाळेच्या समुपदेशकाला फोन करून एवढं विचारावं की यंदा कोणती मापं कमी पडणार आहेत.